कडीचं गाणं

१

दुपारची मिस्सा आटोपली की रॉसडव गावातली माणसं चर्चच्या फाटकापाशी दोन वाटांना लागत. काही घरी जेवणाचं बघायला, आणि उरलेली पॅचीनच्या पबच्या मागच्या खोलीत, गाणी ऐकायला. फेस्टस आणि शिबेल या नवराबायकोची वाट ठरलेली होती. मूलबाळ नसल्यामुळे घरी कुणी खोळंबलेलं नसे.

मागची खोली म्हणजे पॅचीनच्या आईचं जुनं स्वयंपाकघर. एका अंगाला चूल, तिच्यात पीटची, म्हणजे माळावरून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीची, काळी ढेकळं धुमसत असायची. भिंतीला लागून लांबलचक बाक. समुद्राच्या बाजूला जाड फळ्यांचं दार आणि त्याला जुनी लोखंडी कडी, वर उचलली की दार सुटायचं. तिथं माइक नव्हता, वाद्यं नव्हती. ज्याला गायचं तो डोळे मिटून गायचा, आणि शेजारचा माणूस त्याचा हात हातात घेऊन जात्याचा खुंटा फिरवावा तसा हळूहळू गोल फिरवत राहायचा. गाणारा गाण्यात फार लांब गेला तर त्याला धरून ठेवायला कुणीतरी हवं, असं जुनी माणसं म्हणत.

शिबेलचा उजवा हात गेली तीस वर्षं फेस्टसच्या हातात होता. गाण्यातलं त्याला फारसं कळत नसे. तो वीज खात्यातला लाइनमन. तारेत दोष कुठं आहे ते सापडल्याशिवाय खांबावरून उतरायचा नाही. पण शिबेल कुठं श्वास घेणार, कुठं सूर लांबवणार, हे त्याला तिच्या बोटांवरून आधी कळायचं.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी त्यानंच तिला डिवचलं. "तीच तीच गाणी किती दिवस गं? पॅचीनच्या कुत्र्याला पण पाठ झालीत."

"मग आज कुत्र्यालाच बसव गायला," शिबेल म्हणाली. लोक हसले. मग डोळे मिटून तिनं जे गाणं काढलं ते फेस्टसनं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

गाणं साधं होतं. एक मुलगी वासरू आणायला किनाऱ्यावर गेलेली असते. धुकं उतरतं, भरती येते. तिन्हीसांजेला ती घराच्या दाराशी उभी राहते आणि म्हणते, आई, कडी काढ, माझ्या केसांतून पाणी गळतंय. आई म्हणते, माझे हात पिठात आहेत. मग ती बापाला हाक मारते. बाप म्हणतो, मी आत्ताच बूट उतरवलेत. भाऊ म्हणतो, दार काय, वाऱ्यानंही वाजतं. दर कडव्याला मुलगी तेच म्हणायची, कडी काढ. आणि दर वेळी शिबेलचा सूर थोडा खाली यायचा. रडका नव्हता तो. लाजल्यासारखा होता. आपल्याच घरात शिरायला परवानगी मागावी लागते तेव्हा वाटेल तशी लाज.

पॅचीननं भरता भरता पेला अर्धाच खाली ठेवला. चुलीपाशी बसलेल्या दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

भावाचं कडवं संपता संपता कोल रुआ उठला. हा लाल केसांचा, दांडगा ट्रकवाला. मयताच्या घरी बसूनही चेष्टा करणारा. तो मुकाट्यानं दारापाशी गेला, त्यानं कडी उचलली आणि दार उघडलं.

गार वारा आत आला. बाहेर नुसता दगडी बांध आणि राखाडी समुद्र. कोल दार धरून उभा राहिला. मग तो बाजूला सरकला. भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून. चिंचोळ्या जागेतून कुणाला जाऊ द्यावं तसा. मग त्यानं दार लावलं आणि परत जागेवर येऊन बसला.

शिबेलनं डोळे उघडले. "पुढचं आठवत नाही," ती म्हणाली.

"काय रे कोल," पॅचीन ओरडला, "कुणाला आत घेतलंस? वसुलीवाल्याला तर नाही ना?"

"बिचारी भिजत होती," कोल म्हणाला. त्याची दाढी आसवांनी ओली झाली होती. सगळे बघतायत हे लक्षात आल्यावर तो केसांइतकाच लाल झाला. "म्हणजे… गाण्यात. गाण्यात रे!"

खोली हसली, लागतं त्याहून जरा जास्तच हसली. फेस्टसही हसला. दार उघडण्याचं त्याला काही विशेष वाटलं नव्हतं, दारू पोटात असली की माणूस काहीही करतो. पण कोलनं पोट आत का ओढलं, हे मात्र त्याच्या डोक्यातून जाईना.

२

"नान मावशीचं गाणं ते," दुसऱ्या दिवशी सकाळी बटाटे सोलता सोलता शिबेलनं सांगितलं. "ती पीट कापायला माळावर जायची ना, तेव्हा म्हणायची. मी लहान होते. घरात कधी म्हटलं नाही तिनं."

"का?"

"घरात नाही म्हणायचं, एवढंच. तू असला 'का' कुणाला विचारतोस? मोठी माणसं सांगायची, आपण ऐकायचं."

"मग काल का म्हटलंस?"

शिबेलनं सुरी थांबवली. "तू नवीन म्हण म्हणालास. आणि दुसरं काही तोंडात येईचना. खरं सांगू? मी ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते गाणंच बाहेर आलं."

फेस्टसनं चहात साखर ढवळली. "शेवटी काय होतं त्या मुलीचं?"

"धाकटी बहीण असते, ती म्हणते माझा हात कडीला पुरत नाही. मग ती मुलगी दाराकडे पाठ फिरवते आणि निघून जाते. तिथं गाणं संपतं." ती परत बटाटा सोलू लागली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "गाण्यात तिला कुणीच उघडत नाही रे. मला लहानपणी फार वाईट वाटायचं. आई मला विचारायची, रडतेस का? मी सांगायचे, कांदा."

"तू तर बटाटा सोलतेयस."

"गप रे," ती हसली आणि डोळे पुसले.

३

पुढच्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी कशी पसरते देव जाणे, पण शेजारच्या दोन गावांतली माणसं आली होती, आणि कुणीतरी थेट गॉलवे शहरातून गाडी काढून आलं होतं. सगळ्यांना एकच गाणं हवं होतं. शिबेलनं आधी दोन साधी गाणी म्हटली. लोकांनी ती सभ्यपणे ऐकून घेतली, खोकले काढले, पाय हलवले. मग तिनं ते काढलं आणि कुणाचा श्वासही ऐकू येईना.

या वेळी उठली ती शाळेतली मास्तरीणबाई. बापाच्या कडव्यालाच उठली. हमसून रडत तिनं कडी उचलली, दार उघडलं आणि घरच्या पाहुण्याला म्हणावं तसं अगदी हळू म्हणाली, "ये हो." शिबेलचं गाणं तिथंच अडलं. धाकट्या बहिणीचं कडवं, पाठ फिरवायचं कडवं, काही आलं नाही.

लोक उठून नाकं पुसत, एकमेकांच्या पाठीवर थोपटत बाहेर पडले, आणि तेव्हा फेस्टसला बाक दिसला.

खरं म्हणजे तो मघापासून दिसत होता, लक्षात आत्ता आलं. भिंतीला टेकून दहा-बारा माणसं तासभर उभी होती. चुलीपाशी एक म्हातारा जमिनीवर फतकल मारून बसला होता. आणि बाकावर, दाराजवळच्या टोकाला, एका माणसाची जागा रिकामी होती. एका बारीक माणसाची. तिच्या अलीकडे कोल रुआ बसला होता तो मांड्या आवळून, पलीकडची बाई कोपर जवळ घेऊन.

"काय रे," फेस्टसनं उभं राहून पाय अवघडलेल्या एका पोराला विचारलं, "तिथं का नाही बसलास?"

पोरानं बाकाकडे पाहिलं. "कुठं? जागा कुठं होती?"

फेस्टसनं बोट दाखवलं. पोरानं परत पाहिलं, मग फेस्टसकडे पाहिलं आणि चेष्टा होतेय असं वाटून कसनुसं हसला.

घरी जाताना फेस्टसनं स्वतःची समजूत घातली. दारातून वारा येतो, म्हणून तिथं कुणी बसत नाही. कोल आडदांड माणूस, त्याच्याशेजारी कुणाला बसवतं? कारणं पुष्कळ होती. एकच कारण असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याच्या पुढच्या रविवारी पॅचीनच्या बायकोनं दार उघडलं, आणि रिकामी जागा दारापाशी नव्हती. ती बाकाच्या मध्यावर होती. दोन्हीकडून माणसं दाटीवाटीनं बसलेली, मांडीला मांडी. आणि मधे तेवढीच फट. गाणं चालू असताना उजवीकडच्या म्हाताऱ्यानं आपला कोट त्या फटीतून उचलून मांडीवर घेतला. कुणाच्या खाली अडकला असावा आणि त्यानं जरा उठून सोडवू दिला असावा, तसा.

४

कोल रुआ बुधवारी धक्क्यावर ट्रकमध्ये माशांच्या पेट्या चढवत होता. फेस्टस तिथं गेला. ऊन पडलं होतं, समुद्रपक्षी कालवा करत होते. अशा उजेडात असलं काही विचारायचं म्हणजे त्यालाच लाज वाटत होती.

"त्या दिवशी तू दार उघडलंस," तो म्हणाला, "तेव्हा काय पाहिलंस?"

"आला का तूही माझी टर उडवायला?"

"टर नाही. सरळ सांग."

कोलनं पेटी खाली ठेवली. "काही पाहिलं नाही. बाहेर कुणी नव्हतंच. तू पण बघत होतास की."

"मग बाजूला कशाला सरकलास?"

"सरकलो?" त्यानं हातमोजा काढला, परत घातला. "हे बघ, वाटेत उभं असलं की माणूस सरकतो. कुणी आभार मानले की आपण 'असू दे' म्हणतो, तसंच आहे ते. मी पण म्हटलं, असू दे पोरी, आणि दार लावलं."

"कुणी आभार मानले?"

कोलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा विचार आला, आणि आला तसा त्यानं तो झटकलाही. "फेस्टस, तुझी बायको देवासारखी गाते. मेल्या, माझी आई गेली तेव्हा मी रडलो नाही, तिथं रडलो. तुला कसली खाज सुटलीय? जा, घरी जा."

फेस्टस निघाला. मागून कोलनं हाक मारली. "रविवारी गाणारे ना ती? तेच गाणार ना?"

त्या आवाजात दम नव्हता, चेष्टा नव्हती. विनवणी होती.

५

चौथ्या रविवारी फेस्टसनं बाकाकडे बघायचं नाही असं ठरवलं. त्यानं शिबेलचा उजवा हात धरला आणि नजर चुलीवर लावली. गाणं सुरू झालं. हात फिरू लागला, तोच जुना गोल. पण आज हाताला वजन नव्हतं. एरवी सूर चढला की शिबेलची बोटं त्याचा तळवा घट्ट पकडत. आज ती नुसती त्याच्या हातात ठेवलेली होती, विसरलेल्या हातमोज्यासारखी.

त्यानं मान वळवली.

शिबेल बाकाच्या टोकाला कधीच बसत नसे. तिच्या पलीकडे कुणी ना कुणी असायचंच. आज तिच्या पलीकडे एका बारीक माणसाची फट होती. आणि तिचा डावा हात मांडीवरून उचललेला, जरासा खाली झुकलेला, हळूहळू गोल फिरत होता. उजव्या हाताच्या लयीत नाही. त्या हाताची लय वेगळी होती. नवशिक्यानं जात्याला हात लावावा तशी. जरा धसमुसळी, मधेच थांबून परत चालू होणारी. आणि शिबेल सूर घेत होती तो त्या हाताच्या लयीवर.

कुणीतरी उठून दार उघडलं. कोण ते फेस्टसनं पाहिलंही नाही. गाणं थांबलं, डावा हात मांडीवर उतरला आणि शिबेलनं डोळे उघडले. इतकी तृप्त ती त्याला लग्नाच्या दिवशीही दिसली नव्हती.

घरी येताच त्यानं तोंड उघडलं. "हे गाणं बंद. आजपासून."

"का?" ती हसत म्हणाली. "आता तू 'का'चं उत्तर दे."

"तुझा डावा हात कोण फिरवत होतं?"

तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला, घडी घातली, परत उलगडला. "मला बरं वाटतं ते गाताना. इतकी वर्षं गाते, लोक वा म्हणतात, घरी जातात. आता ते रडतात. तू बघितलंस ना त्यांची तोंडं? असं कधी झालं होतं?"

"मी हाताचं विचारलं."

"लहान आहे," शिबेल म्हणाली, आणि आपण काय बोललो ते जणू कळलंच नाही अशा सहजपणे चहाचं आधण ठेवायला गेली.

फेस्टस खुर्चीत बसून राहिला. तारेत दोष असला की लाइनमन दोन टोकं शोधतो: वीज कुठून निघते आणि कुठं अडते. गाणं सुरू होतं, मुलगी दाराशी येते. गाण्यात कुणी दार उघडत नाही, म्हणून ती पाठ फिरवते, गाणं संपतं. इथं मात्र दर वेळी कुणीतरी उघडतं आणि गाणं अर्धं राहतं. एकदा ते शेवटापर्यंत म्हटलं पाहिजे. दार न उघडता. मग ती पाठ फिरवेल, जाईल. तो या असल्या गोष्टी मानत नव्हता. पण दुरुस्ती सुचली की त्याला राहवत नसे.

"एकदा पूर्ण म्हणशील?" त्यानं विचारलं. "फक्त माझ्यासमोर. शेवटच्या कडव्यापर्यंत. मग मी काही बोलणार नाही."

तिनं चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला. "म्हणेन की," ती म्हणाली. "शेवट मलाही म्हणायचाच आहे."

६

मंगळवारी सकाळी पॅचीननं खोली उघडून दिली. पुढचं दार बंद होतं, पबमध्ये चिटपाखरू नव्हतं. फेस्टसनं पॅचीनला समुद्राच्या बाजूच्या पायरीवर बसायला सांगितलं आणि कुणाला दाराजवळ येऊ देऊ नकोस म्हणून बजावलं.

"एवढी काय तालीम चाललीय?" पॅचीन म्हणाला. "दाराशी उभं राहून ऐकलं तर चालेल ना?"

"ऐक. पण दाराला हात लावलास तर तोडीन."

पॅचीन पाइप पेटवत बाहेर गेला. फेस्टसनं कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

शिबेल बाकावर एकटी बसली. तिनं सवयीनं उजवा हात पुढे केला.

"आज नाही," तो म्हणाला. "मी इथंच थांबतो."

तिनं हात मागे घेतला नाही. तसाच अधांतरी ठेवून तिनं डोळे मिटले.

आईचं कडवं झालं. बापाचं झालं. रिकाम्या खोलीत तिचा आवाज भिंतींना घासून येत होता, आणि फेस्टसला कळलं की आजवर तो हे गाणं ऐकतच नव्हता, नुसता हात फिरवत होता. कडी काढ. केसांतून पाणी गळतंय. त्याला ओल्या फ्रॉकचा वास आला, समुद्रशेवाळाचा वास आला. त्याला वाटलं, काय मागतेय ती? कडी तर काढायला सांगतेय. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीनं किती विनवायचं? त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, हात मागे जाऊ लागला. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरला आणि दातओठ खात पाठ फळ्यांवर रेटली.

भावाचं कडवं. मग धाकट्या बहिणीचं. आणि तेव्हा त्याच्या कमरेपाशी कडी हलली.

हलकेच उचलली गेली, खाली पडली. टक. परत उचलली गेली. फेस्टसनं हात मागे नेऊन तळव्यानं ती दाबून धरली. खालून कुणीतरी ढकलत होतं. जोर नव्हता त्यात. लहान, थकलेला, पण न थांबणारा रेटा. कडी गार होती, ओली होती. "नाही," तो पुटपुटला, "जा. जा बाई. इथं कुणी उघडणार नाही तुला." आणि हे बोलताना काळजाचे तुकडे होतात म्हणजे काय, ते त्याला कळलं.

शिबेलनं शेवटचं कडवं घेतलं. मुलगी दाराकडे पाठ फिरवते. कडीखालचा रेटा कमी झाला. थांबला. शेवटचे दोन शब्द शिबेलनं गायले नाहीत, इथल्या रिवाजाप्रमाणे नुसते बोलली, साध्या आवाजात, गाणं संपल्याची खूण म्हणून. मग शांत झालं.

फेस्टसनं कपाळाचा घाम पुसला. जमलं. गेली. त्यानं फळ्यांवर थाप मारली. "पॅचीन! बघितलंस का कुणाला? कडी कोण हलवत होतं?"

"कोण हलवणार?" दाराच्या अगदी पलीकडून, पाठीला पाठ लावल्यासारखा पॅचीनचा रडवेला आवाज आला. "मी दाराला टेकूनच उभा आहे की मघापासून. इकडून कुणी फिरकलं पण नाही."

फेस्टसनं कडीकडे पाहिलं. ती आतल्या बाजूला होती. तो उभा होता त्या बाजूला.

पहिल्याच रविवारी कोलनं तिला आत घेतलं होतं. त्यानंतर कितीदा दार उघडलं, तितक्यांदा लगेच लागलंही होतं. आज ती त्याच्या कमरेपाशी उभी राहून बाहेर जायला मागत होती. आणि त्यानं कडी दाबून धरली होती. आणि मग तिनं दाराकडे पाठ फिरवली होती. म्हणजे तोंड कुठं केलं होतं?

त्यानं वळून पाहायच्या आधी दार उघडलं. सताड उघडलं, पॅचीन पायरीवरून पडता पडता वाचला. फेस्टस भिंतीला चिकटला, पोट आत ओढलं, वाट मोकळी केली. "जा," तो म्हणाला. "जा, पोरी. चुकलो मी. जा ना!"

वारा आत आला. चुलीतली राख उडाली. त्याच्याजवळून काहीच गेलं नाही.

शिबेल बाकावरच होती. तिचा उजवा हात, फेस्टसनं न धरलेला, हळूहळू गोल फिरत होता. धसमुसळेपणा आता उरला नव्हता. ती खाली, आपल्या खांद्याच्याही खाली बघत होती, आणि हसत होती.

"आता कशाला?" ती फेस्टसला म्हणाली. "गाणं संपलं."

७

शिबेलनं ते गाणं पुन्हा म्हटलं नाही. लोकांनी दोन रविवार आग्रह केला, नंतर सोडून दिलं. गॉलवेच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. पॅचीनच्या बाकावर माणसं पुन्हा खेटून बसू लागली, कुठं फट म्हणून राहिली नाही, आणि फेस्टसनं रात्री थोडं झोपायला सुरुवात केली. घरात बदल काही फार झाले नाहीत. शिबेल रोज एक पाव जास्तीचा भाजायची. शेगडीजवळची खुर्ची तिनं भिंतीपासून पुढे ओढून ठेवली होती. गाताना तिला आता फेस्टसचा हात लागत नसे, "राहू दे," ती म्हणायची, "तू दमतोस." तो काही विचारत नसे. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, याची त्याला खात्री होती.

नाताळच्या आदल्या रविवारी चर्च भरलं होतं. शिबेल नेहमीच्या बाकावर खांबाच्या बाजूला बसली, फेस्टस तिच्या अलीकडे. मिस्सा पुढे सरकत गेली आणि फादरनी एकमेकांना शांती द्या म्हणून सांगितलं. सगळं चर्च वळलं, खुसफुसलं. शेजारी शेजाऱ्याचा हात हातात घेऊ लागला.

फेस्टसनं बायकोपुढे हात केला. बायकोचा हात मोकळेपणानं धरायला मिळावा असा आठवड्यातला तो एकच क्षण उरला होता.

"थांब जरा," ती पुटपुटली आणि आधी खांबाकडे वळली.

तिथं हातभर फळी रिकामी होती. शिबेल वाकली, आणि तिची बोटं कशाभोवती तरी मिटली. कमरेएवढ्या उंचीवर. अंगठा हलकेच मागे-पुढे फिरला, गारठलेला हात चोळावा तसा.

मग मागच्या बाकावरून कोल रुआ पुढे झुकला. त्याचा भलामोठा, माशांच्या पेट्यांनी सोललेला हात शिबेलच्या खांद्यावरून त्याच जागी खाली गेला. "शांती असो, पोरी," तो म्हणाला, डोळे अर्धवट मिटलेले, नजर वेदीकडे. त्याच्यामागून मास्तरीणबाईंचा हात आला. पॅचीनच्या बायकोचा आला. कुणी खाली बघत नव्हतं, कुणी अडखळत नव्हतं. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही चुकवायचं नाही, असं लहानपणापासून शिकवलेल्या सभ्य माणसांसारखे ते हात एकामागून एक खाली जात होते आणि ओले होऊन परत येत होते.

शिबेल बाकाला पाठ टेकवून मागे सरकली, फेस्टसला तिच्या पुढून वाकता यावं म्हणून.

"असा काय बघतोस?" ती दबक्या आवाजात म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडी लाज होती. पाहुण्यांसमोर घरातला माणूस चुकला की वाटते तेवढीच. "कधीची थांबलीय ती. हात पुढे कर."

फेस्टसनं हात पुढे केला.